कालचा दिवस सांगा

रिबेका गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांवरची लेबलं बदलत होते. वर्षातून एकदा मी ती बदलते आणि दरवर्षी तुमचे आजोबा त्यावरून मला चिडवतात. फोन दवाखान्यातून होता. तिथे काउंटरवर बसणारी पॉलीन "सुधा, लव्ह..." एवढंच म्हणाली आणि थांबली. पॉलीनच्या बोलण्याला एरवी खंड नसतो, त्यामुळे पुढचं मला तिथेच कळलं. "पहाटे गेल्या. झोपेतच. नर्स शेजारी बसून होती," ती म्हणाली. मी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि हातातलं लेबल समोरच्या डब्यावर चिकटवून टाकलं. संध्याकाळी आमटी करायला घेतली तेव्हा दिसलं, जिऱ्याच्या डब्यावर 'धने' लागलं आहे. याला आता काही आठवडे झाले. ते लेबल मी अजून काढलेलं नाही.

रेवा, ईशान, हा लेख पुरवणीत छापून येईल आणि ओळखीअनोळखीचे पुष्कळजण तो वाचतील, पण मी तो लिहिते आहे तुमच्यासाठी. तुमची आई तुम्हाला तो वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला विचारा. तुम्हाला माहीत असलेले आजोबा ऑकलंडच्या किनाऱ्यावर तुमच्याबरोबर पळतात, अनोळखी माणसांशी गप्पा मारतात आणि विमानात खिडकीजवळची जागा मागून घेतात. तुमचा जन्म व्हायच्या आधी एक काळ असा होता की हेच आजोबा आमच्या लंडनजवळच्या इल्फर्डच्या घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. ते पुन्हा बाहेर कसे पडले, हे सांगायचं तर डॉक्टर रिबेका थळकर कोण होती, ते आधी सांगायला हवं.

रिबेका बेने इस्राएल. म्हणजे धर्माने ज्यू, आणि घरात बोलायला पिढ्यान्पिढ्या मराठी. मूळ घर अलिबागच्या बाजूला, बालपण भायखळ्याला. शिकायला इंग्लंडला आली आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला तिने दवाखाना काढला. मी तेव्हा कौन्सिलच्या लायब्ररीत काम करत होते. आमच्याकडे गुजराती, पंजाबी, उर्दू पुस्तकांची कपाटंच्या कपाटं होती आणि मराठीची अर्धी फळी. एके दिवशी स्कर्ट घातलेल्या, आखूड केसांच्या एका बाई त्या अर्ध्या फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग थेट कोकणातल्या मराठीत मला म्हणाल्या, "एवढीच?"

"एवढीच," मी म्हटलं.

"वाचणारे कमी, की ठेवणारे चिक्कू?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्या मोठ्याने हसल्या. लायब्ररीत इतक्या मोठ्याने हसलेलं मला चालत नाही, पण त्यांना मी काही बोलले नाही. त्यानंतर वर्षभर आमची ओळख तेवढीच राहिली. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, थंडीबद्दल दोन शब्द.

तुमच्या आईचं लग्न झालं आणि ती तुमच्या बाबांबरोबर ऑकलंडला गेली, ते साल ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. जाण्यापूर्वी तिने आमच्या स्वयंपाकघराच्या छताला धुराचा अलार्म बसवून दिला. "आई, आता सगळे बसवतात. मी नसताना मला तेवढीच काळजी नको," असं ती म्हणाली. इंग्रजांच्या घरात हा अलार्म वर्षातून एखाद्या वेळी वाजत असेल. आमच्याकडे तो रोज वाजे. तेलात मोहरी पडली की हा वर किंचाळायला लागे, मग आजोबा बाहेरच्या खोलीतून उठून येत आणि त्याच्याखाली उभं राहून टॉवेलने वारा घालत. रोजचाच कार्यक्रम झाला होता तो.

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत, सकाळी ऑफिसला जाताना आगगाडीत आजोबांच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरणार, याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका उरली नाही. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात उतरवून लोकांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. तरुण डॉक्टरने सांगितलं, "तुमचं हृदय उत्तम आहे, घरी जा." आजोबा दोन दिवस खुशीत होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा उत्तम हृदय. तिसऱ्यांदा मात्र ते खूश झाले नाहीत. "हे लोक आपल्यापासून काहीतरी लपवतायत," असं मला म्हणाले.

मग आमच्या मराठी मंडळींनी निदान केलं. पित्त. वॉटफर्डच्या कुमुदताई पुण्याहून आणलेल्या गोळ्या घेऊन आल्या. कुणी आवळ्याचा रस सांगितला, कुणी थंड दूध, कुणी रात्री डाव्या कुशीवर झोपायला. एकाने ओव्याच्या अर्काची बाटली दिली आणि आजोबा ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवून फिरू लागले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळे प्रेमानेच सांगत होते. पण आम्हा लोकांचं एक आहे. मनाला काही झालं असं म्हणायची वेळ आली की आम्ही ते उचलून पोटात नेऊन ठेवतो. पित्त झालं म्हणायला लाज वाटत नाही. पित्त सगळ्यांनाच होतं, आणि त्याला पथ्य असतं. शिवाय मुलगी चांगल्या घरी पडली, नोकरी आहे, घराचे हप्ते फिटत आले, अशा माणसाने आपल्याला बरं वाटत नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? ती कृतघ्नता झाली.

आजोबांनी आधी आगगाडी सोडली. गाड्या वेळेवर नसतात म्हणून बस बरी, म्हणाले. मग बसही सोडली, बसमध्ये हीटर फार असतो. मग मी लायब्ररीत जाताना त्यांना मोटारीने सोडू लागले, तर ट्रॅफिकमध्ये अडकलं की दाराच्या हँडलवर त्यांचा हात जाई. मग नवे बूट चावायला लागले. प्रत्येक कारण इतकं सरळ होतं की त्यावर वाद घालायला जागाच नसे. थंडी पडेपर्यंत ते रजेवर होते आणि दुपारीसुद्धा पडदे ओढून बसत होते. ज्या माणसाने क्रिकेटची कॉमेंटरी ऐकण्यासाठी पहाटे उठावं, त्या माणसाचा रेडिओ धूळ खात पडला.

अशात एका रविवारी तुमच्या आईचा फोन आला. तिला दिवस गेले होते. रेवा, ती बातमी तुझी होती. "बाबा, बाळ येईल तेव्हा तुम्ही दोघं याल ना?" तिने विचारलं. आजोबा म्हणाले, "बघू," रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि वर निघून गेले. मी नंतर वर गेले तर ते पलंगाच्या कडेला बसले होते. पायात बूट, अंगात कोट.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन बघावं म्हटलं," ते म्हणाले. "फाटकापाशी गेलो आणि परत आलो. सुधा, मला फाटक ओलांडवत नाही. ऑकलंडला कसा येऊ मी?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बूट, हीटर, पित्त यांपैकी कशाचंही नाव घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात फोन केला आणि डॉक्टरांना घरीच याल का, असं विचारलं.

रिबेका दुपारी आली, ओव्हरकोटवर पाऊस घेऊनच. बाहेरच्या खोलीत मी चांगल्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "स्वयंपाकघरात बसू या का? तिथे ऊब असेल," म्हणाली आणि रेडिएटरला पाठ लावून कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर बसली. आजोबांच्या समोर नाही, जरा तिरकी. बॅग उघडली नाही, कागद काढला नाही. आजोबांनी घसा साफ केला आणि मी सांगायला सुरुवात केली. कधीपासून, कितीदा, कुठल्या हॉस्पिटलात, काय काय तपासलं. मला सगळं क्रमवार सांगता येतं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिमयेबाई, तुम्ही फार छान सांगता. पण मला यांच्या तोंडून हवंय." आणि आजोबांकडे वळून, "लिमयेसाहेब, तुमचा कालचा दिवस सांगा."

"काल? काल काय, काहीच नाही. नेहमीचंच," आजोबा म्हणाले.

"तेच सांगा. सकाळी जाग आली तिथपासून."

आजोबा सांगू लागले. अडखळत, थांबत... मी मध्ये दोनदा त्यांची चूक दुरुस्त केली. तिसऱ्यांदा रिबेकाने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "पाऊस थांबलाय. तुम्ही जरा एक फेरी मारून येता का?" माझ्याच स्वयंपाकघरातून मला कुणी बाहेर काढण्याची ती पहिली वेळ. मी छत्री घेऊन निघाले, दुकानात उगाच कोथिंबिरीच्या जुड्या बघत राहिले आणि मनातल्या मनात त्या बाईला पुष्कळ काही बोलले.

आत काय झालं ते आजोबांनी मला पुढे सांगितलं, एकदम नाही, थोडं थोडं करून. आणि तुम्हाला हे सांगायला त्यांची परवानगी आहे. तिने आजार काय म्हणून विचारलंच नाही. काल विचारला. काल जाग कधी आली? अंधार होता, ते म्हणाले. मग उजाडेपर्यंत काय केलंत? छताकडे बघत पडलो. काय वाटत होतं? दिवस उगवूच नये असं. काल काय जेवलात? आठवत नाही. भूक नव्हती की चव नव्हती? काल वर्तमानपत्र वाचलंत? पहिलं पान, तीनदा, डोक्यात काही शिरलं नाही. काल कुठे जायचं टाळलंत? आणि ती धडधड काल झाली का? आधी काय झालं, छाती की विचार? कुठला विचार? त्यावर आजोबांनी सांगितलं की त्यांचे वडील ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेले आणि आपण आता त्यांच्याच वयाचे झालो आहोत. हे इतक्या वर्षांच्या संसारात मला माहीत होतं, म्हणजे वडील कसे गेले ते माहीत होतं. पण आजोबा रोज आपलं वय त्यांच्या वयाशी ताडून बघतात, हे माहीत नव्हतं.

"दारू पिता का?" तिने विचारलं. कधीतरी, आजोबा म्हणाले. "कधीतरी म्हणजे काल?" काल... थोडीशी. झोप लागावी म्हणून. ती व्हिस्कीची बाटली मोठ्या शब्दकोशांच्या मागे होती. लायब्ररीत काम करणाऱ्या बाईच्या घरात, रेवा, पुस्तकांच्या मागे! मला अजून नवल वाटतं. मग तिने खुर्ची जरा पुढे घेतली आणि जसं भुकेबद्दल विचारलं होतं तशाच आवाजात विचारलं, "कधी जगणं नकोसं वाटतं? जीव द्यावा असं मनात येतं?" आजोबा म्हणतात, त्या प्रश्नाने घाबरायला व्हायला हवं होतं, पण त्यांना हलकं वाटलं. कारण कुणीतरी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. जीव द्यायचा विचार नाही येत, पण झोपेतून उठलो नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं. तिने मान हलवली. "तो विचार वाढला तर मला त्याच दिवशी सांगायचं. रात्र असली तरी. आणि लिमयेबाईंनाही सांगायचं. कबूल?" आजोबांनी कबूल केलं.

मी परत आले तेव्हा दोघं अजून तिथेच बसले होते. आजोबांचे डोळे लाल होते आणि खांदे खाली आले होते. रिबेका म्हणाली, "बाई, मला भूक लागलीये. काही आहे का?" मी पोहे भिजवले, तेल तापवलं, मोहरी टाकली आणि वर अलार्म किंचाळला. आजोबा सवयीने उठले, टॉवेल घेतला आणि वारा घालू लागले. रिबेका खुर्चीत मागे टेकून बघत होती.

"लिमयेसाहेब, घर जळतंय का?" तिने विचारलं.

"नाही हो. फोडणी आहे."

"मग अलार्म बिघडलाय?"

"बिघडला नाही, चांगला आहे. जरा जास्तच हुशार आहे."

"घर जळत नाहीये हे माहीत असून तुम्ही रस्त्यावर का नाही पळत सुटलात?"

आजोबा टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. "रोजच वाजतो," ते हळूच म्हणाले. "थोडा वेळ वाजतो आणि थांबतो."

"तुमच्या छातीत बसवलेलाही चांगलाच आहे," ती म्हणाली. "हृदय उत्तम आहे हे तीनदा तपासून झालंय. पण अलार्म वाजला की तुम्ही गाडीतून उतरता, बसमधून उतरता. आता फाटकातूनच परत फिरता. त्यामुळे तो आपोआप थांबतो, हे तुम्हाला कधी बघायलाच मिळालं नाही." मग पोहे खाता खाता तिने दोन्ही आजारांची नावं सांगितली. एकाएकी उसळणाऱ्या भीतीचा एक, आणि त्याच्यामागून आलेलं नैराश्य. दोन्ही पुष्कळांना होतात, म्हणाली, तिच्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी येतं, कुणी डोकं जड झालं म्हणून, कुणी पाठ धरली म्हणून. थायरॉइडमुळेही अशी धडधड होते, म्हणून एकदा ते रक्त तपासायचं. गोळ्या देईन, पण पहिले काही आठवडे फरक वाटणार नाही, सोडायच्या नाहीत. व्हिस्की बंद. आणि ओव्याची बाटली घरी ठेवायची.

"ती कशाला? ते तर औषध आहे," मी म्हटलं.

"खिशात बाटली आहे म्हणून वाचलो, असं यांना वाटत राहील. आणि बाई, पोह्यांत मीठ कमी आहे."

हे सगळं सोपं झालं असं समजू नका. हॉस्पिटलचा एक नर्स आठवड्याला घरी येऊ लागला आणि त्याने आजोबांबरोबर बसून पायऱ्या ठरवल्या. फाटक. मग पोस्टाची लाल पेटी. मग कोपऱ्यावरचं दुकान, मग बसचा एक स्टॉप. भीती गेल्यावर निघायचं नाही, भीतीला बरोबर घेऊनच निघायचं, आणि ती ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढाच नियम. पेटीपाशी आजोबा पहिल्यांदा पोहोचले तेव्हा टाकायला पत्रच नव्हतं. आम्ही दोघं पावसात त्या पेटीजवळ नुसतेच उभे होतो. एक शेजारीण विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना?" आजोबा म्हणाले, "होय, आम्ही थांबलोय." कशासाठी ते तिने विचारलं नाही. इंग्रज लोक विचारत नाहीत, ते त्या दिवशी बरं वाटलं.

गाडीत आधी मी त्यांच्या शेजारी बसे, मग शेजारच्या डब्यात, मग प्लॅटफॉर्मवरच थांबू लागले, आणि एका दिवशी आजोबा म्हणाले, "आज तू घरीच राहा." त्या दिवशी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबून राहिली. दिवे गेले. मी घरी, मला काही माहीत नाही, मी फक्त घड्याळाकडे बघते आहे. ते आले, कोट काढला, हात धुतले आणि मला म्हणाले, "मॅचचं काय झालं गं?" मी रेडिओवरची धूळ पुसून तो त्यांच्या हातात दिला. गाडीतलं सगळं त्यांनी रात्री जेवताना सांगितलं. धडधड झाली, जोरात झाली, सगळ्या अंगाला घाम फुटला. शेजारच्या बाईंना ते म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे." त्या बाई म्हणाल्या, "मलाही वाटते, पण चारचौघांत बोलायची हिंमत नव्हती." मग दोघांनी मिळून त्यांच्या पिशवीतली मिंटची पाकिटं संपवली.

आणि रेवा, तू जन्मलीस तेव्हा आम्ही आलो. दोन विमानं, मध्ये सिंगापूरला मुक्काम. समुद्रावरून जाताना विमान हललं तेव्हा आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली. ते डोळे मिटून पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा. कान देऊन ऐकलं तर, "वाज, वाज. किती वाजायचंय ते वाज." तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाचा त्यांचा फोटो तुमच्या बैठकीत आहे. त्यात ते हसत नाहीत म्हणून तुम्ही हसता. आता तुम्हाला कळेल, त्या चेहऱ्यावर काय आहे.

परत आल्यावर रिबेकाने आम्हाला घरी बोलावलं. टेबलावर मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. त्यांच्यात एलियाहू नबीची आठवण करून, मनातलं पुरं झालं की हा करतात. "मी फारशी देवभोळी नाही," ती म्हणाली, "पण बरं झालेल्या माणसासाठी मला आईच्या पद्धतीनेच काहीतरी करावंसं वाटतं." आजोबांनी दोनदा वाढून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरबाई, एवढ्या गुळाने पित्त होईल." रिबेका इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या संध्याकाळी ती मला 'लिमयेबाई' म्हणायची थांबली आणि मीही 'डॉक्टर' सोडलं. आजोबा मात्र शेवटपर्यंत 'डॉक्टरबाई'च म्हणत राहिले.

त्याच संध्याकाळी भांडी पुसताना तिने मला तिच्या आईबद्दल सांगितलं. भायखळ्याच्या घरात आई दुपारभर डोक्याला फडकं बांधून पडून असायची. डोकं दुखतं म्हणायची. डॉक्टर येई, डोक्याची गोळी देई, जाई. "आम्ही भावंडं तिला फडकेवाली म्हणायचो," रिबेका म्हणाली. "मी वैद्यकी शिकायला लागले आणि पुस्तकात एके दिवशी माझी आई वाचली. पहाटेची जाग, गेलेली भूक, सगळं. तोवर ती गेली होती. तिला कुणी एकदा विचारलं असतं ना सुधा, की बाई, काल काय काय केलंस... तिने सांगितलं असतं. तिला गप्पा मारायला फार आवडायचं." एवढं बोलून तिने पुसलेली बशी पुन्हा पुसली.

नंतर बरीच वर्षं दर शुक्रवारी दवाखाना आटपून ती आमच्याकडे येई, त्याच खुर्चीवर बसे, पाठ रेडिएटरला लावून. तिच्या घरी शुक्रवारी मेणबत्त्या लावायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या आमच्या टेबलावर लागू लागल्या. कुणाही रोग्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. आमची मंडळी मात्र मला येऊन सांगत. "डॉक्टरबाईंनी मला पित्ताचं विचारलंच नाही गं, कालचा दिवस विचारला," असं कुमुदताईसुद्धा एकदा म्हणाल्या. मी चहा टाकला. ईशान जन्मला त्या सुमारास आजोबांची नोकरी गेली आणि पहाटेची जाग परत आली. पण त्या वेळी मला फोन करावा लागला नाही. आजोबा स्वतःच टोपी घालून दवाखान्यात गेले आणि बसता बसता म्हणाले, "डॉक्टरबाई, कालचा दिवस सांगायला आलोय." लवकर कळलं, लवकर सावरलं.

शेवटची भेट हॉस्पिसमध्ये झाली, बऱ्या न होणाऱ्या रोग्यांना शेवटपर्यंत सांभाळतात तिथे. दोन गाड्या बदलून जावं लागे. तिकिटं आजोबांनी काढली. रिबेका फार लहान दिसत होती, उशीत बुडालेली. मी आत शिरताच तिने विचारलं, "कालचा दिवस सांग."

"आज तू सांग," मी म्हटलं.

ती हळूहळू सांगू लागली. काल चहात दूध जास्त होतं. काल खिडकीच्या कठड्यावर एक रॉबिन पक्षी येऊन बसला, गेला, परत आला. काल पॉलीन आली आणि दवाखान्यातली भांडणं सांगून गेली, छान वाटलं. "आणि पहाटे जाग आली," ती म्हणाली. मी आजोबांकडे बघितलं. "भीती होती?" आजोबांनी विचारलं, तिच्याच आवाजात, जसं भुकेबद्दल विचारावं तसं.

"थोडी होती," रिबेका म्हणाली. "मी थांबले. मग गेली." आणि जरा वेळाने, "लिमयेसाहेब, तुम्ही चांगलं विचारता."

रिबेकाची खुर्ची स्वयंपाकघरात अजून तिथेच आहे. ती गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण आजोबा वर्तमानपत्र दुसरीकडे ठेवत होते आणि मी तिच्याभोवतीने झाडत होते. फोडणी पडते, अलार्म वाजतो, आजोबा येऊन टॉवेल हलवतात. शुक्रवारी मेणबत्त्या आम्हीच लावतो.

मी दर रविवारी सकाळी फोन करते आणि तुम्हाला विचारते, "कालचा दिवस सांगा." तुम्ही दोघं कंटाळून म्हणता, "आजी, तू रोज तेच विचारतेस." मी रोज कुठे विचारते, रविवारीच विचारते. पण आता तुम्हाला त्यामागचं कारण कळलं.

गेल्या रविवारी मात्र मी विचारायच्या आत रेवा, तूच म्हणालीस, "आजी, आज तुझा कालचा दिवस सांग. आई म्हणाली तुझी फ्रेंड गेली."

मी म्हटलं, "काल काय, काहीच नाही. नेहमीचंच."

"तेच सांग," तू म्हणालीस.

स्वयंपाकघरातल्या फोनची तार रेडिएटरपर्यंत पोहोचते. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, रेडिएटरला पाठ लावून तिच्यावर बसले आणि सकाळी जाग आली तिथपासून सांगायला सुरुवात केली.